ओल्या दोऱ्यांचा पंखा

सोलापूरच्या उन्हाबद्दल मी नवं काही सांगणार नाही, ते सगळ्यांनी अंगावर काढलेलं आहे. मला लिहायचंय ते एका उन्हाळ्याबद्दल, ज्यात माझ्या बापानं त्या उन्हाला कामाला जुंपलं होतं. जुंपलं हे खरं आहे, थट्टा नाही. मी चौथीपर्यंत शिकलो आणि मागावर बसलो, लिहायची सवय नाही. ही गोष्ट खरं तर माझी बायको लक्ष्मी सांगायची. नातवंडांना सांगायची, शेजारणींना सांगायची, गिरणीत दळणाला नंबर लावून उभी असली तरी सांगायची, आणि माझ्यापेक्षा बरी सांगायची. ती या थंडीत गेली. मी कुठं चुकलो तर "अवं, तसं न्हाय ते" म्हणणारं आता घरात कोणी नाही. त्यामुळं जसं आठवतं तसं लिहितो, आणि ते बरोबरच धरायला लागेल.

आमचं घर पूर्व भागात, एका बोळात. पुढं हातमाग, मागं चूल, मध्ये एक बाज आणि सगळ्यावर पत्रा. चुलीमागं चार पावलांचं उघडं परसू. घरात आम्ही तेलुगू बोलायचो, बोळात मराठी, आणि शेजारचा हसनभाई बोलायचा त्याची दख्खनी. हितं सगळं मराठीत लिहितोय, हसनभाईचं तेवढं तसंच ठेवलंय, कारण ते मराठीत घातलं की हसू येत नाही. बापाला आम्ही नायना म्हणायचो, आईला अम्मा. पहाटे डोळा उघडायचा तो मागाच्या खटाक-फटाकनं, आणि त्याच तालावर अम्मा भाकरी थापायची. माग थांबला की तिची थाप थांबायची आणि आतून आवाज यायचा, "काय तुटलं?" उन्हाळ्यात सारखंच तुटायचं. कोरड्या हवेत सूत ठिसूळ होतं, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या एका फेरीत दोन दोन तार जातात. म्हणून मागाखाली पाणी शिंपडायचं, दारात ओलं गोणपाट टांगायचं. नायना उन्हाला शिव्या द्यायचा त्या भावकीतल्या माणसाला द्याव्यात तशा, नाव घेतल्यासारख्या. दुपारी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि अम्माचं पच्चीपुलुसू, म्हणजे न उकळलेलं चिंचेचं पाणी, त्यात कांदा आणि भाजलेली मिरची हातानं चुरडलेली. ते गार पाणी भाकरीवर ओतायचं. आमचा अर्धा उन्हाळा त्याच्यावर निघायचा.

एक गोष्ट आधी सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मागावर चढवायच्या आधी सुताचा ताणा बोळात पसरायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्याला खळ लावायची. दोन्ही टोकांना जमिनीत खुंट्या, आणि ताणा ओढून धरायला सुताचीच, घट्ट पिळाची दोरी. त्या दोरीवर पाण्याचा थेंब पडू द्यायचा नाही, हा बोळातला कायदा. पिळाची दोरी ओली झाली की आखडते. किती आखडेल ते सांगता येत नाही, पण खुंटी मुळासकट उपटते. वाळली की परत सैल. एकदा अम्माच्या डोक्यावरची घागर कलंडली, दोरी भिजली, आणि आम्ही बघत असतानाच पलीकडची खुंटी उडाली आणि ताणा मातीत. नायना तोंड उघडायच्या आत अम्माच म्हणाली, "एवढी ताकद दोरीत हाय, तर उद्यापास्नं पाणी तिलाच भरायला लावा की." सगळा बोळ हसला. नायना पण हसला. माती झटकत हसला.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. बोळाच्या तोंडाशी टँकर यायचा, तो पण कधी यायचा कधी नाही. सूत मिळेना म्हणून माग बंद. घरातला तो आवाज गेला आणि नंतर नंतर कान दुखायला लागले, काही नसल्यानं. त्यातच अम्मा बाळंत झाली. मूल राहिलं नाही, ताप राहिला. नायनानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर भला माणूस होता, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, हिला गार आणि हवेशीर जागेत ठेवा, अंग तापू देऊ नका, नाहीतर ही टिकणार नाही. टांग्यातून येताना नायना एकटाच बोलत होता. "गार जागा. सोलापुरात. ह्या दिसांत." आणि मग हसला, पण ते घागरीच्या दिवशीचं हसणं नव्हतं.

पत्र्याखालची ती खोली मी अजून अंगावर आणू शकतो. भिंतीला हात लावला की भाजायचा. बोळात वीज नव्हती, खांब मोठ्या रस्त्यापर्यंत येऊन थांबले होते. बाहेर झाडाखाली न्यावं तर झळा. मग विंझणा. मी घालायचो, नायना घालायचा आणि लच्ची घालायची. लच्ची म्हणजे हीच लक्ष्मी, माझ्या मामाची मुलगी, अम्माला अत्ता म्हणायची, म्हणजे आत्या. अम्माचं करायला म्हणून तिला आणली होती, आणि अम्मा कारखान्यासाठी घरी वळायची त्या विड्या पण आता तीच वळायची. माझ्याहून लहान, पण तोंड मोठं. मनगटं सुजायची आमची. हात थांबला की अम्मा डोळे उघडायची. बोलायची नाही, नुसती बघायची. त्या बघण्याला भिऊन आम्ही परत हात हलवायचो.

एका सकाळी नायना परसात बसला होता, हातात तीच पिळाची दोरी. लोट्यातलं पाणी तिच्यावर सोडायचा, आखडली की बघायचा, वाळली की परत सोडायचा. मला वाटलं डोकं फिरलं. तेवढ्यात हसनभाई आला. मागाचा फिटर होता तो, बोळातले सगळे माग त्याच्याच हातचे. नायना त्याला म्हणाला, "भिजली की वढती, वाळली की सोडती. वाळवायला कोळसा लागत न्हाय, वीज लागत न्हाय. आख्ख्या गावात उकाडा पडलाय फुकटचा."

"हौ, फुकट है," हसनभाई म्हणाला, "हम सब फुकट में भुन रहे, सो भी मालूम है."

"हेच ऊन हिला जाळतंय न्हवं? मग ह्याच्याच हातात पंखा देतो."

हसनभाई हसला नाही. उठून गेला आणि येताना एका मोडक्या मागाचं दातेरी चाक घेऊन आला, ज्याच्यावर विणलेलं कापड एकेक दात करून गुंडाळलं जातं ते. घरात राहिलेल्या सगळ्या सुताला नायनानं पीळ भरून भरून दोऱ्या केल्या. परसाच्या तुळईला त्या शेजारी शेजारी टांगल्या आणि खालची टोकं एका दांड्याला बांधली. दोऱ्या भिजवल्या की आखडायच्या, दांडा वर जायचा, चाक एक दात सरकायचं आणि ते मागं फिरू नये म्हणून खटका पडायचा: खट. चाकाच्या कण्याला बांधलेलं आमचं जातं बोटभर वर चढायचं. ऊन लागून दोऱ्या वाळल्या की दांडा खाली, चाक खटक्यावर तिथंच. परत पाणी, परत खट. संध्याकाळपर्यंत जातं तुळईला टेकायचं. मग खटका सोडायचा. जातं हळूहळू खाली यायचं, कणा फिरायचा, आणि भिंतीतल्या भोकातून आत गेलेली सुतळी अम्माच्या बाजेवर टांगलेली जुनी चादर पुढं-मागं हलवायची. पंखा.

पहिल्या संध्याकाळी आम्ही सगळे आत उभे. नायनानं बाहेरून खटका सोडला. चादर हलली. खरंच हलली, कोणाचा हात नसताना. अम्माच्या कपाळावरचे केस उडाले. लच्ची चुलीशी कांदा चिरत होती. तिचा कांदा चिरून व्हायच्या आत जातं जमिनीला टेकलं आणि चादर थांबली. दिवसभराचं ऊन, हंडाभर पाणी, आणि अर्ध्या कांद्याएवढा वारा. मग हसनभाई म्हणाला, "नरसय्या, ये पंखा नई, ईद का चांद है. दिखा नई दिखा, गया." नायना म्हणाला, "दोऱ्या वाढवतो." अम्मा म्हणाली, "बरं वाटलं हो मला." कोणासाठी म्हणाली ते सगळ्यांना कळलं.

माझा नातू इंजिनिअरिंगला आहे. त्याला मी मध्ये विचारलं, एवढी उष्णता भवताली पडलेली असते, तर तिच्यातून एवढंसंच का निघालं? तो म्हणाला, "आजोबा, गर्मी नुसती असून चालत नाही, तिला जायला कुठंतरी जागा लागते. जाता जाता ती काम करते." मला हे पटलं. आमच्या घरातल्या गर्मीला जायला कुठंच जागा नव्हती.

पण नायनाला पंख्यानं धरलं होतं. दारातल्या खाटेची सुंभं, जुनी धोतरं, हाताला लागेल त्याला पीळ भरून तो तुळईला टांगायचा. जेवण सुटलं. दोऱ्या लवकर वाळाव्यात म्हणून कडक ऊन पाहिजे, म्हणून सकाळी उठला की आभाळाकडं बघायचा आणि ढग नाही बघून खूश व्हायचा. एकाच घरात एक माणूस उन्हानं मरत होतं आणि दुसरं ऊन वाढावं म्हणून वाट बघत होतं, आणि दुसऱ्याला पहिल्यासाठीच ते पाहिजे होतं. टँकरवर बायका बोलायला लागल्या. एक जण हंडा आपटून म्हणाली, "माणसाच्या नरड्याला पाणी न्हाय आन् नरसय्या दोऱ्यांना पाजतोय!" लच्ची रांगेतूनच म्हणाली, "दोरी तुमच्यावानी बडबडत न्हाय, काकू. पिती आन् मुकाट काम करती." घरी येऊन मात्र ती हंड्यावर डोकं टेकून रडली. मी बघितलं ते तिला कळलं नाही, असं मला वाटायचं. लग्नानंतर म्हणाली, "बघितलं हुतंत की तुमी."

बोळात एक पिवळं कुत्रं होतं. एका दुपारी ते परसात शिरलं आणि दोऱ्यांखाली पसरलं. नायनानं दगड उचलला, आणि लच्चीनं त्याचा हात धरला. मामाचा, म्हणजे आत्याच्या नवऱ्याचा हात धरायची पद्धत आमच्यात नाही. "मामा, थांबा. त्याच्याकडं बघा की. धापत न्हाय त्ये."

"मग?"

"आख्ख्या गावातली कुत्री जीभ काढून पडल्यात. ह्येच का गप निजलंय? दोऱ्यांखाली गार हाय म्हणून. तुमी अत्ताला हितं आणून झोपवा. पंखा कशाला पायजे?"

नायनाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बापाच्या चेहऱ्यावर आधी कधी बघितलं नव्हतं. दगड टाकला, वाकला, आणि कुत्र्याशेजारी जमिनीवर हात ठेवला. मग दोऱ्यांच्या मध्ये तोंड घालून उभा राहिला. किती वेळ उभा राहिला. वाळता वाळता त्या दोऱ्या भोवतालची गर्मी पिऊन टाकत होत्या, आणि इतके दिवस आम्ही त्यांच्याकडून ताकद मागत बसलो होतो. आतून बाज उचलली, वर गोणपाटाचं छप्पर केलं आणि अम्माला दोऱ्यांखाली ठेवलं. ती झोपली. विंझण्याशिवाय झोपली.

त्यानंतरचे थोडे दिवस मला पुरवून पुरवून आठवायला लागतात, कारण तेवढेच आहेत. ताप होता, पण अम्मा उठून बसायला लागली. लच्चीची वेणी घातली. एका दुपारी पच्चीपुलुसू मागितलं आणि त्यात बुडवून चतकोर भाकरी खाल्ली. नायनानं जातं काही सोडलं नाही, आता गरज नव्हती तरी ते चढतच होतं, आणि अम्माला तो आवाज आवडायचा. माग बंद होता, त्याची जागा खटक्यानं घेतली होती. खट झालं की डोळे मिटूनच म्हणायची, "सरकला एक दात." दोऱ्यांकडून मान वळवून मला म्हणाली, "अंबादास, तुझा बाप येडा हाय. पण येडा माझ्यापायी झालाय, म्हणून त्याला हसू नगंस." लच्चीकडं बघून म्हणाली, "आन् ही शाणी हाय. हिला सोडू नगंस." लच्ची विड्यांचं सूप घेऊन आत पळाली.

मग आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतं भरून आलं. झळा थांबल्या, वारा पडला, हवा अंगाला चिकटायला लागली. बोळ खूश होता, पोरं गच्चीवर नाचत होती, टँकरवरची तीच काकू आमच्या दारात येऊन म्हणाली, "आता तुझी आई सुटली रे उन्हातनं." आता घरात कूलर आहे. अशा हवेत तो नुसता चिकट वारा फेकतो, शेंबड्या पोराला पण माहीत आहे. तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही दोऱ्यांवर पाणी टाकलं आणि वाट बघत बसलो. दोऱ्या आखडल्या त्या आखडलेल्याच राहिल्या. वाळेनात. पत्रा तापलेला, हवा उभी, आणि दोऱ्यांखाली आता आतल्यापेक्षा जास्त घुसमट. अम्माचं अंग परत पेटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं डोळे न उघडता विचारलं, "खटका पडला न्हाय का अजून?"

"पडंल. जरा जड झाल्यात दोऱ्या," नायना म्हणाला. तो एकेक दोरी हातानं पिळत होता. पिळून झाल्या की झटकत होता. मग त्यानं माझ्या हातातला विंझणा ओढून घेतला आणि दोऱ्यांना वारा घालायला लागला. अम्माला नाही, दोऱ्यांना. मी भाकरीची काटवट घेऊन अम्माला वारा घालत होतो आणि तो शेजारी उभा राहून दोऱ्यांना. त्यानं पण भागेना तेव्हा आत गेला आणि पेटलेली शेगडी घेऊन आला, दोऱ्या शेकायला, आणि ती बाजेशेजारी ठेवली.

लच्ची किंचाळली. "मामा! अत्ता भाजतीया!" आणि तिनं ती शेगडी लाथेनं उडवली. निखारे परसभर पांगले, तिचा पाय भाजला. तो डाग तिच्या पायावर शेवटपर्यंत होता, मागच्या महिन्यापर्यंत मी तो रोज बघितलाय, तिचे पाय चेपताना. हसनभाई धावत आला. त्यानं मागून नायनाला मिठी मारली आणि धरून ठेवलं. "बस कर भाई. बस. हवाच गीली है. दोरी बेचारी क्या करेगी."

अम्मानं एकदा दोऱ्यांकडं बघितलं. मग नायनाकडं. तिची ती बघायची सवय होती. काटवट माझ्या हातातच होती, आणि मला आधी कळलंच नाही की मी आता कोणालाच वारा घालत नाहीये.

बोळातल्या माणसांनी तिरडीला नवी सुतळी आणली होती. नायनानं ती बाजूला सारली, तुळईवर चढला आणि एकेक दोरी सोडली. ओल्या होत्या. त्यांनीच त्यानं तिरडी बांधली, विणकराची गाठ मारून, अशी घट्ट की बांबू कुरकुरले. तिरडी उचलणारे सगळे मागावरचेच लोक. ओल्या दोरीनं बांधलं की पुढं काय होतं ते त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरी त्यांनी खांदा दिला.

अर्ध्या वाटेत ढग फाटले. सात रस्ता चौकाकडून झळ आली, तीच जुनी, कोरडी, तोंडावर भट्टी उघडल्यासारखी. दोन दिवस जिची वाट बघितली ती. ऊन पडलं, आणि थोडं पुढं गेलो तर खांद्यावर मला कळलं. तिरडी हलकी नाही झाली, सैल झाली. दोऱ्या सुटायला लागल्या होत्या. अम्मा एका अंगाला सरकली आणि तिचा हात चादरीतून बाहेर आला, बाजूच्या हसनभाईच्या बाहीला लागला. तो रस्त्यातच मोठ्यानं रडायला लागला. सगळे थांबले. नायना पुढून मागं आला, दोरीवर हात फिरवला. कोरडी, गरम.

"वाळल्या," तो म्हणाला. "आता वाळल्या."

त्यानं अम्माचा हात आत घेतला आणि परत गाठी मारायला बसला, भर रस्त्यात, उन्हात, घाई न करता. कोणी त्याला घाई केली नाही.

जातं तुळईखाली अर्ध्यावरच लटकत राहिलं. नायना त्याला हात लावू द्यायचा नाही. पुढं लच्ची सून म्हणून घरात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी तिनं न विचारता खटका सोडला. आत चादर हलली, खाली कोणी नव्हतं. जातं जमिनीला टेकल्यावर ती त्याच्यावर दळायला बसली. नायना भिंतीला टेकून ऐकत होता.

या थंडीत लक्ष्मीला नेताना पोरांनी नायलॉनची दोरी आणली होती. आमच्या वयाच्या माणसाला खांदा देऊ देत नाहीत, पण मी शेजारून चालत होतो आणि सारखा हात लावून बघत होतो. मुलगा म्हणाला, "बापू, काय बघताय? घट्ट बांधलीय." ऊन होतं, कोवळं. शेवटपर्यंत दोरी जशी बांधली होती तशीच राहिली.